कळफलकाची फेरमांडणी आणि उज्जैनचा ‘ळ’

संगणकाच्या कळेवर छापलेले अक्षर आणि ती कळ दाबल्यावर पडद्यावर उमटणारे अक्षर यांचा संबंध केवळ संकेताचा आहे. कळेला कोणतेही अक्षर ठाऊक नसते. ती एक क्रमांक पाठवते आणि त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम संगणकातील एक तक्ता करतो. हा तक्ता बदलता येतो, म्हणून कळेचे वर्तनही बदलता येते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही सोय चैनीची वाटेल. मराठी लिहिणाऱ्याला, त्यातही मराठी भाषक अल्पसंख्य असलेल्या प्रदेशात राहून लिहिणाऱ्याला, ती स्वतःचे आडनाव शुद्ध लिहिण्याइतकी निकडीची असते. या दृष्टीने उज्जैन या नगरीचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपली राजधानी केली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर हे मूळचे कोकणातील सारस्वत. आज दिसते ते महाकाळाचे मंदिर मुख्यतः त्यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे फळ आहे. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी मराठी घराणी उज्जैनमध्ये राहिली. या घराण्यांच्या भाषेत तो प्रदेश माळवा, तिथले दैवत महाकाळ आणि शेजारच्या इंदूरचे राजघराणे होळकर. भोवतालच्या हिंदीत हीच नावे मालवा, महाकाल आणि होलकर अशी लिहिली जातात. यात कोणाचा आकस नाही. आजच्या प्रमाण हिंदीच्या लेखनात ‘ळ’ला स्थान नाही, इतकेच. मात्र काळे यांचे ‘काले’ झाले, केळकरांचे ‘केलकर’ झाले आणि मुळे यांचे चक्क ‘मुले’ झाले की नावाचा अर्थच पालटतो. एखाद्या दाखल्यात असे रूप पडले की पुढची कागदपत्रे त्याच रूपाची री ओढतात.

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. वाळपई, बाळ्ळी, म्हाळसा ही नावे रोमन लिपीतून देवनागरीत आणताना ‘ळ’ की ‘ल’ हे ठरवायला रोमन अक्षर काहीच मदत करत नाही, कारण दोहोंसाठी तिथे एकच चिन्ह आहे. रोमन अक्षरांत टंकून देवनागरी मिळवण्याची जी पद्धत आज सर्रास वापरली जाते, तिच्यात आज्ञावलीला प्रत्येक वेळी अंदाज बांधावा लागतो. नेहमीच्या शब्दांबाबत तो बहुधा बरोबर ठरतो. आडनावे, गावे, कुलदैवते आणि जुने शब्द यांच्याबाबत तो वारंवार चुकतो. ज्याला दिवसाकाठी चार ओळींचा निरोप लिहायचा आहे त्याचे त्यावर भागेल. ज्याला लेख, दस्तऐवज किंवा ग्रंथ सिद्ध करायचा आहे त्याने देवनागरीचा कळफलक थेट वापरावा आणि गरजेप्रमाणे तो आपल्या हाताला जुळवून घ्यावा, असे आमचे मत आहे.

एका कळेचा प्रवास

इंग्रजी ‘डी’ची कळ घेऊ. ती दाबताच कळफलक यूएसबी मानकानुसार ७ हा क्रमांक धाडतो. लिनक्सच्या गाभ्यात त्याचा ३२ होतो. पडद्याची जुनी एक्स प्रणाली त्यात ८ मिळवून ४० करते. विंडोजमध्येही या कळेचा मूळ संकेत ३२ हाच आहे. इथवर अक्षराचा मागमूस नसतो. त्यानंतर आराखडा नावाचा तक्ता पाहिला जातो. इंग्रजी आराखडा चालू असेल तर ‘डी’ हे रोमन अक्षर मिळते. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर हलन्ताचे चिन्ह मिळते, आणि शिफ्टसह दाबल्यास ‘अ’. रेमिंग्टन धाटणीचा हिंदी आराखडा चालू असेल तर त्याच कळेतून ‘क’ निघतो. बोट तेच, कळ तीच, क्रमांकही तोच. पण अक्षरे तीन.

या तीन उत्तरांमागे तीन काळ आहेत. रेमिंग्टन कंपनीने शोल्स यांचे टंकलेखन यंत्र १८७४ मध्ये विक्रीस आणले आणि इंग्रजी अक्षरांची आजची मांडणी त्या यंत्राबरोबर रूढ झाली. पुढे हिंदी टंकलेखन यंत्रांची मांडणी याच कंपनीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. संगणक आल्यावर कृतिदेवसारख्या टंकांनी ती जशीच्या तशी उचलली, पण एक मोठी गफलत करून: त्या टंकांत साठवले जाते ते रोमन अक्षरच, फक्त त्याचा आकार देवनागरी दाखवला जातो. टंक बदलला की मजकूर निरर्थक होतो, तो याच कारणाने. मध्य प्रदेशात अशा रीतीने लिहिलेला मजकूर अजूनही भरपूर सापडतो.

इन्स्क्रिप्टची कथा वेगळी आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो आराखडा प्रमाण ठरवला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची आहे हे ओळखून तो रचलेला असल्याने डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी सोपी विभागणी त्यात आहे. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. देवनागरीत शिकलेली बोटे कन्नड किंवा गुजराती लिपीतही त्याच जागी तेच वर्ण शोधू शकतात. युनिकोडमधील नव्या अक्षरांना सामावून घेणारा विस्तारित इन्स्क्रिप्ट २०१६ मध्ये आयएस १६३५० या मानकाने आला. त्यात उजव्या ऑल्ट कळेच्या साह्याने आणखी थर मिळतात.

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत टंकलेखनाशी संबंधित पदांसाठी सीपीसीटी ही संगणक प्रावीण्य परीक्षा घेतली जाते आणि तिच्या हिंदी टंकलेखनात उमेदवाराला इन्स्क्रिप्ट आणि रेमिंग्टन गेल यांपैकी एक आराखडा निवडता येतो. उज्जैनच्या मराठी तरुणाला सरकारी नोकरी हवी असेल तर त्याची बोटे या दोहोंपैकी एकात तयार व्हायलाच हवीत. त्याने इन्स्क्रिप्ट निवडणे शहाणपणाचे, कारण ‘ळ’ त्यात अगोदरपासून आहे: ‘एन’च्या कळेवर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’. हिंदी शिकवताना ही जागा कोणी आवर्जून दाखवत नाही, म्हणून ती कित्येकांच्या ध्यानात राहत नाही. अशा वेळी कळफलकात काही बदलावे लागत नाही. त्याची ओळख करून घेतली की पुरे.

दिसते एक, साठते दुसरे

खरा घोळ पुढच्या अक्षरांत आहे. मराठीत ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत. पहिल्या प्रकारातील आडवा रफार हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर यू+०९३१ या क्रमांकावर आहे आणि इन्स्क्रिप्टमध्ये ते ‘जे’च्या कळेवर शिफ्टसह येते, त्यानंतर हलन्त, त्यानंतर ‘य’. पण साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तसाच आकार काढता येतो. छापील कागदावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत, आणि एका रीतीने लिहिलेला ‘कोऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही.

‘ॲ’ची गोष्ट याहून बिकट आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये यू+०९७२ या क्रमांकावर २००८ साली आले. त्याआधीच्या इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऍ’ होता. मराठीला मात्र ‘अ’वरचा चंद्र हवा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. तरीही पुष्कळ लोक ‘अ’ लिहून त्यावर सुटा चंद्र ठेवतात. गोव्यातील कोणत्याही मराठी बातमीत वकिलांच्या नावामागे ‘ॲड.’ येतेच. ते एका बातमीत एका रीतीने, दुसरीत दुसऱ्या रीतीने आणि तिसरीत ‘ऍड.’ असे लिहिले गेले, तर दहा वर्षांनी त्या वकिलाच्या नावे संग्रह चाळणाऱ्याच्या हाती काय लागेल याची कल्पना करावी. विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविराम ठोकून लिहिलेला ‘दुःख’ हा त्याच पंगतीतला.

म्हणून कळफलकाची फेरमांडणी करताना बोटांची सोय ही एक बाजू झाली. त्या कळेतून नेमका प्रमाण क्रमांक साठवला जातो की नाही, ही दुसरी आणि अधिक महत्त्वाची बाजू आहे.

फेरमांडणी कशी करावी

विंडोजवर आरंभ सेटिंग्जमधील भाषेच्या विभागातून करावा. तिथे मराठी भाषा जोडली की तिचा आराखडा उपलब्ध होतो आणि विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. हिंदी जोडून तिच्यावर मराठीची वेळ मारून नेण्याची सवय सोडावी. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली भाषेच्या नोंदीवरून शब्दकोश निवडते, आणि हिंदी कोशाला प्रत्येक ‘आहे’ खाली लाल रेघ ओढावीशी वाटते.

एका कळेचे काम दुसरीला द्यायचे असेल तर मायक्रोसॉफ्टचा पॉवरटॉइज हा विनामूल्य संच आहे. त्यातील कीबोर्ड मॅनेजर या भागात कोणती कळ दाबली असता काय घडावे ते साध्या यादीत भरता येते. त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. तो पार्श्वभूमीला चालू असेल तोवरच बदल लागू राहतात. प्रवेशाच्या पडद्यावर, परवलीचा शब्द भरताना, ते लागू नसतात. विंडोज आणि ‘एल’, तसेच कंट्रोल, ऑल्ट व डिलीट, हे संयोग त्याला बदलता येत नाहीत. प्रवेशाच्या आधीपासून बदल हवा असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत स्कॅनकोड मॅप नावाची नोंद करावी लागते. ती संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होते, पुन्हा सुरू केल्यावरच अमलात येते, आणि तिच्यात कळेच्या जागी कळच देता येते, देवनागरी अक्षर देता येत नाही. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, हे सांगणे नलगे.

नवे अक्षर बसवायचे तर आराखडाच नवा हवा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच कीबोर्ड लेआउट क्रिएटर हे जुने पण कामाचे साधन आहे. चालू मराठी आराखडा त्यात उघडावा, हव्या त्या कळेच्या हव्या त्या थरावर अक्षर ठेवावे आणि स्थापनेचा संच तयार करून घ्यावा. एका कळेवर चार संकेतांपर्यंतची जोडणी त्यात ठेवता येते. म्हणजे ऱ आणि हलन्त मिळून एकच कळ करता येते, किंवा ‘ज्ञ’ एका दाबात मिळवता येतो. या मार्गाने केलेल्या आराखड्याला पार्श्वभूमीला काहीही चालू ठेवावे लागत नाही.

लिनक्सवर ही सारी व्यवस्था एक्सकेबी नावाच्या साध्या मजकुरी फायलींत उघडी ठेवलेली असते, आणि जिज्ञासूला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. तिथे प्रत्येक कळेला जागेवरून नाव दिलेले असते. अक्षरांची खालची ओळ ‘बी’, मधली ‘सी’, वरची ‘डी’ आणि अंकांची ‘ई’. आपली मघाची ‘डी’ची कळ मधल्या ओळीत तिसरी, म्हणून तिचे नाव ‘एसी०३’. नावापुढे तिच्या थरांची अक्षरे क्रमाने लिहिलेली असतात: साधी, शिफ्टची, उजव्या ऑल्टची, आणि दोन्ही मिळून. विस्तारित इन्स्क्रिप्ट मराठीसाठी तयार मिळतो. बदल करताना प्रणालीच्या मूळ फायलीत हात घालू नये, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात तो पुसला जातो. वेलँडवर चालणाऱ्या आजच्या मांडण्यांत आपली फाईल स्वतःच्या घर-फोल्डरमध्ये ठेवता येते. एक अडचण मात्र आहे. एक्सकेबीत एका दाबाला एकच संकेत मिळतो, त्यामुळे ऱ आणि हलन्त यांची जोडी एका कळेवर बसत नाही. त्यासाठी आयबसमधील एम१७एन आराखडे किंवा कंपोजची फाईल यांचा आधार घ्यावा लागतो.

मॅकवर युकेलेले या आज्ञावलीतून आराखडा घडवता येतो. काही महागड्या कळफलकांत बदल थेट कळफलकाच्याच स्मृतीत साठवता येतात. असा कळफलक कोणत्याही संगणकाला जोडला तरी कळांची जागा तीच राहते. मात्र तो क्रमांकच पाठवतो, देवनागरीचा तक्ता संगणकातच लागतो.

आता बळी कोणत्या कळेचा द्यावा? आमचे बोट कॅप्स लॉककडे आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. आयबीएमच्या १९८४ च्या एटी कळफलकावर ‘ए’च्या शेजारची ही मोक्याची जागा कंट्रोलला होती, १०१ कळांच्या पुढच्या फलकावर ती कॅप्स लॉकला मिळाली आणि तिथेच राहिली. मराठी आणि इंग्रजी यांची अदलाबदल तिच्याकडे द्यावी, म्हणजे दोन बोटांची कसरत वाचते. लिनक्सवर ही निवड तयार पर्यायांत आहे. जिथे लॅपटॉपला उजवी ऑल्ट नसते तिथे तीच कळ तिसरा थर उघडण्यासाठीही वापरता येते. स्क्रोल लॉक आणि इन्सर्ट यांचीही आज फारशी कोणाला आठवण येत नाही.

अंकांबाबत एक सूचना. मराठी मजकुरात देवनागरी अंक शोभतात, पण हिशेबाच्या तक्त्यांत आंतरराष्ट्रीय अंक लागतात. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदानेही संघाच्या शासकीय प्रयोजनांसाठी तेच रूप सांगितले आहे. वरच्या ओळीला देवनागरी अंक द्यावेत आणि उजवीकडचा अंकफलक आंतरराष्ट्रीय अंकांसाठी तसाच ठेवावा. दोन्हींच्या कळांचे क्रमांक वेगळे असल्याने हे निर्वेध जमते.

वेदपाठाची गरज

उज्जैनला या विषयात आणखी एक आगळे स्थान आहे. महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान १९८७ मध्ये स्थापन झाले आणि १९९३ मध्ये दिल्लीहून या नगरीत आले. वेदाचा मजकूर टंकणाऱ्याची गरज मराठी लेखकाच्या गरजेशी अनपेक्षितपणे जुळते, कारण ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘ळ’ आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘ड’चा तिथे ‘ळ’ होतो. हिंदीने सोडलेले हे अक्षर वेदपाठ्याला आणि मराठी माणसाला सारखेच हवे.

शिवाय स्वरचिन्हे हवीत. अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्ताची, तिचा क्रमांक यू+०९५२. डोक्यावरची उभी रेघ यू+०९५१. युनिकोडने या दुसरीचे नाव ‘उदात्त’ असे ठेवले आहे, पण ऋग्वेदाच्या लेखनपरंपरेत ती स्वरित दाखवते आणि उदात्त बिनखुणेचा राहतो. नावावर विसंबून टंकणाऱ्याची संहिता उलटीपालटी होईल. सामवेदात अक्षरांच्या माथ्यावर अंक येतात. त्यांच्यासाठी आणि इतर वैदिक खुणांसाठी २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत स्वतंत्र विभाग आले. नित्याच्या आराखड्यांत या खुणा एक तर नसतात, नाहीतर आडबाजूच्या थरात असतात. मंत्राच्या एका ओळीत त्या आठ-दहा वेळा लागतात, म्हणून त्या उघड्या कळांवर आणणारा वेगळा आराखडा करणे हाच व्यवहार्य मार्ग. तो मराठीच्या नित्याच्या आराखड्यात मिसळू नये. दोन आराखडे शेजारी ठेवावेत आणि एका कळेने बदलावेत.

काही पथ्ये

परीक्षेसाठी ज्या आराखड्याचा सराव चालू आहे, त्याच्या अक्षरांच्या जागा हलवू नयेत. परीक्षागृहातील संगणकावर आपले बदल नसतात आणि बोटे ऐनवेळी दगा देतात. नव्या गोष्टी रिकाम्या थरांत ठेवाव्यात. कार्यालयातील सामायिक संगणकावर फेरमांडणी केवळ आपल्या खात्यापुरती करावी. परवलीच्या शब्दात देवनागरी अक्षर किंवा हलवलेली कळ येऊ देऊ नये. आराखड्याची फाईल आणि तिच्यासोबत कोणती कळ काय देते याचा छापील तक्ता जपून ठेवावा, कारण संगणक पाच-सात वर्षांनी बदलतो, बोटांची सवय तशीच राहते.

फेरमांडणी पुरी झाल्यावर काळे, सुऱ्या, सूर्या, ॲड., दुःख आणि महाकाळ हे सहा शब्द टंकून पाहावेत. ते एखाद्या जुन्या, खात्रीच्या मजकुरातील याच शब्दांशी शोधयंत्रणेतून ताडावेत. सगळे सापडले तर आराखडा चालू ठेवावा, ‘ॲड.’ किंवा ‘सुऱ्या’ निसटला तर त्या कळेखाली कोणता क्रमांक बसला आहे ते पुन्हा पाहावे.